हलक्या हाताने

मी बंदूक घेतली, ही बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोहोचली. रिक्षातून ते लांबलचक खोके घेऊन मी उतरलो, तेव्हा शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक फाटकात उभेच होते. "काय भाऊ, कोणावर रुसलात?" त्यांनी विचारले. ज्याने जन्मभर लेखणीखेरीज काही उचलले नाही, उंदीर दिसला की जो आधी खुर्चीवर चढतो आणि मग सौभाग्यवतींना हाक मारतो, अशा माणसाने पासष्टी ओलांडल्यावर बंदूक घ्यावी, यात लोकांना गंमत वाटली तर त्यांचा दोष नाही.

दोष असलाच तर माझ्या नातीचा. ती लातूरला असते. लातूर हे गुणांचे गाव. तिथे पोरे पहाटे उठून पुस्तकात डोके घालतात आणि आईबाप दुधाचा पेला घेऊन मागे उभे राहतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते या पोरीने पाहिले. मग २०१० साली म्यूनिचला जगज्जेती ठरलेल्या तेजस्विनी सावंतची हकीगत तिने कोठून तरी वाचली आणि मला फोन केला, "आजोबा, दहावीला नव्वदच्या वर गेले तर काय द्याल?"

"मागशील ते," मी म्हणालो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी असे बोलू नये. दशरथापासूनचा हा अनुभव आहे.

पोरीने नव्वद ओलांडले आणि मी नांदेडच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. तिने फोनवर "लिव्हरची रायफल" असे सांगितले होते. माझ्या डोळ्यांपुढे लहानपणी टॉकीजमध्ये पाहिलेला घोडेस्वार आला. त्याच्या हातात विंचेस्टर; घोड्याखालचा लिव्हर खाली ढकलला की रिकामे काडतूस उडायचे, वर ओढला की नवे आत बसायचे. मी तसे हातवारे करून दाखवले. दुकानदार हसला. "ती हवी असेल तर आधी कलेक्टर कचेरीतून परवाना आणा. शिकायला ही हवेची पुरे. ठरावीक ताकदीच्या आतली आहे, परवाना लागत नाही. ओळखपत्र तेवढे दाखवा."

या बंदुकीलाही लिव्हर होता, पण नळीच्या खाली. तो मागे ओढला की आतली स्प्रिंग दबते. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बाहेर पडतो. दारू नाही, धूर नाही. स्पर्धेतल्या रायफली निराळ्या आणि फार महाग. ही आपली शिकाऊ.

माझ्या वेंधळेपणाने एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली नव्हती. त्या दिवशी सप्टेंबरची १७ तारीख होती.

माझी आई १९४८ साली दहा वर्षांची होती, कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांचा तो काळ. बंदुकीचा बार ऐकू आला की घरातली माणसे पोरांची तोंडे दाबून ज्वारीत जाऊन बसत. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि गावात पेढे वाटले गेले. इथवर सगळेच सांगतात. आई पुढचेही सांगते. त्यानंतरच्या दिवसांत पुन्हा बार झाले आणि या वेळी वेशीजवळचे तांबोळ्याचे कुटुंब पळाले. त्याच ज्वारीत. त्यांची पोरगी आईबरोबर सागरगोटे खेळायची. ती परत आली नाही. "आवाज तोच होता रे," एवढेच आई म्हणते.

तिने खोके पाहिले. काही बोलली नाही. संध्याकाळी जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर बंदूक जमवायला बसलो. वाळूने भरलेली पोती एकावर एक रचली, टेपाने दहा मीटर मोजले, कागद लावला. कठड्याच्या विटेवर बंदूक टेकवली आणि बुडत्याने ओंडका धरावा तशी ती आवळून धरली. पहिला छर्रा वर डावीकडे, दुसरा खाली उजवीकडे, तिसरा कागदावर सापडलाच नाही. मी साइटची चाके फिरवली. दोन संध्याकाळी फिरवली. बंदूक सदोष आहे, असा निकाल देऊन शेवटी मी लातूरची एस.टी. धरली. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत कंडक्टर त्या खोक्याकडे पाहत होता. चाकूर आल्यावर न राहवून म्हणाला, "सतार का काका?" मी मान डोलावली. बेसूरच होती ती.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी साइटकडे पाहिलेही नाही. स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळले. "स्प्रिंगच्या हादऱ्याने ढिले होतात. नेम बिघडला की आधी हे बघायचं." मग नातीला म्हणाले, "छर्रा भरताना लिव्हर एका हाताने धरून ठेवायचा; सुटला तर बोट जाईल. आणि बेटा, बंदूक आवळायची नाही. सुटताना ही आधी मागे धक्का खाते, मग पुढे, आणि छर्रा अजून नळीतच असतो. जितकी आवळशील, तितकी भरकटेल. तळहातावर कबूतर ठेवतात तशी ठेव."

तिने पाच छर्रे सोडले. पाचही एका रुपयाखाली झाकतील असे पडले, पण काळ्या वर्तुळाच्या बाहेर. मी हळहळलो. सुभेदार मात्र खूश. "चुकीच्या जागी का होईना, एका जागी पडले! आता साइट हलवायची." चाक थोडे थोडे फिरवत त्यांनी ती पाच भोके काळ्यात आणली. ते वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचे. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. नात श्वास रोखून त्या ठिपक्याकडे पाहत होती. इतकी शांत मी तिला परीक्षेतही पाहिली नव्हती.

खंडेनवमीला ती बंदूक घेऊन नांदेडला आली. पाटावर विळी, अडकित्ता, सौभाग्यवतींच्या शिलाई मशीनची कात्री आणि माझे पेन मांडलेले. पोरीने आईचा चेहरा पाहिला आणि बंदूक दाराआडच उभी केली.

आईच म्हणाली, "हिचा आवाज केवढा होतो ग?"

आम्ही तिला हळूहळू गच्चीवर नेले. नातीने लिव्हर ओढला, छर्रा भरला. डब्याचे झाकण बसावे तसा आवाज झाला. आई दचकली. मग कागद मागून घेतला आणि त्या भोकावरून बोट फिरवीत राहिली.

"आन् ह्याच्या पल्याड कोन असतं?"

"कोणी नाही, मोठ्या आजी. वाळू."

आई पोत्यांकडे बराच वेळ पाहत होती.

"मग आन ती पाटावर," ती म्हणाली, आणि हळदकुंकवाची कुयरी शोधायला स्वतःच जिना उतरू लागली.