मढं उठवणारा पेला

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या बारचा हॅरी क्रॅडॉक याने 1930 साली कॉकटेलचं पुस्तक काढलं. अमेरिकेत दारूबंदी आली म्हणून 1920 मध्ये तो मायदेशी परतला होता, आणि येताना तिकडच्या बारमधली सगळी विद्या हातात घेऊन आला होता. या पुस्तकात ‘कॉर्प्स रिव्हायव्हर’ नावाची दोन पेयं आहेत. नाव ऐकून स्मशान आठवतं, पण ती होती आदल्या रात्री जास्त झालेल्या माणसाला सकाळी पायावर उभं करण्यासाठी. पहिलं पेय सकाळी अकराच्या आत घ्यावं, असं क्रॅडॉक सांगतो. दुसऱ्याखाली त्याने बजावलंय, की लागोपाठ चार घेतले तर उठलेलं मढं पुन्हा आडवं होईल.

हॅलोविनच्या रात्री ज्याला पाहुण्यांसाठी बार मांडायचा आहे, त्याने सुरुवात या दुसऱ्या पेयापासून करावी. जिन, क्वान्त्रो, लिले आणि लिंबाचा रस, चारही सारख्या मापाने, प्रत्येकी 20 मिलिलिटर. वर अ‍ॅबसिंथचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाहीत. बर्फ घालून शेकर इतका हलवायचा की धातू हातात धरवेनासा व्हावा, मग गाळून थंडगार ग्लासात ओतायचं. उतरतं ते फिकट, किंचित गढूळ पाणी. जिभेवर आधी लिंबू येतं, मग संत्र्याच्या सालीचा गोडवा, आणि घोट गिळून झाल्यावर मागून बडीशेपेचा वास. त्यात लाल रंग नाही, धूर नाही, प्लास्टिकचा कोळी नाही. आणि तरी भुताच्या नावाने आजवर जी पेयं बनली त्यांत याच्या तोडीची फार थोडी आहेत.

हॅलोविन हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडचा. कापणी संपून थंडीचे दिवस सुरू होताना तिथले लोक ‘साउइन’ पाळत, आणि त्या रात्री मेलेली माणसं जिवंतांच्या जगात येऊ शकतात असं मानत. आयरिश माणसं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठाले भोपळे मिळाले. मुंबई-पुण्याच्या बारमध्ये 31 ऑक्टोबरला दिसणारा नारिंगी भोपळा एवढा प्रवास करून आलेला आहे. त्याच्याबरोबर मात्र बरेचदा जे पेय पुढ्यात येतं, ते खाण्याचा हिरवा रंग आणि साखरेचा पाक, एवढंच असतं. पाहुणा फोटो काढतो आणि ग्लास अर्धा टाकून उठतो. याचं वाईट वाटतं, कारण रंगाच्या बाटलीची गरजच नसते. बारच्या फळीवर आणि आपल्या कुंपणावर ज्या गोष्टी आहेत, त्या स्वतःच पुरेशा अद्भुत आहेत.

अ‍ॅबसिंथच घ्या. हिरवट, पारदर्शक. त्यात बर्फाचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं की तळापासून धुकं चढत जातं आणि सगळा ग्लास दुधाळ होतो. हे काम अ‍ॅनेथॉलचं. जेवणानंतर तोंडात टाकतो त्या बडीशेपेला वास येतो तो त्याच्यामुळेच. अ‍ॅनेथॉल मद्यार्कात विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब सुटे होतात आणि उजेड विखुरतो. हेमिंग्वेने 1935 मध्ये दिलेल्या कृतीत पाण्याऐवजी गार शॅम्पेन आहे, आणि त्या पेयाला त्याने बैलझुंजीवरच्या आपल्या पुस्तकाचं नाव दिलं, ‘डेथ इन द आफ्टरनून’. अ‍ॅबसिंथची बदनामीही भुताटकीसारखी पसरली. 1905 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका मजुराने बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो भरपूर वाइन आणि ब्रँडी प्यायला होता, पण लोकांनी बोट ठेवलं ते त्याने घेतलेल्या दोन ग्लास अ‍ॅबसिंथवर. स्वित्झर्लंडमध्ये 1910 साली, अमेरिकेत 1912 साली आणि फ्रान्समध्ये 1915 साली त्यावर बंदी आली. अमेरिकेत ती उठायला 2007 साल उजाडलं.

क्रॅडॉकच्या पेयातल्या लिलेमध्ये तेव्हा सिंकोना झाडाच्या सालीचा कडवटपणा चांगला जाणवत असे. 1986 मध्ये ती वाइन बदलली, कडू चव उतरली, म्हणून जाणते बारटेंडर आज तिच्या जागी इटलीची कोक्की अमेरिकानो वापरतात. तो कडूपणा क्विनीनचा, मलेरियावरच्या औषधाचा. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी टॉनिक वॉटरमध्ये जिन मिसळली ती याच क्विनीनपायी. आणि क्विनीनची दुसरी करामत म्हणजे ते अंधारात उजळतं.

जॉन हर्शेलने 1845 मध्ये क्विनीनचं द्रावण उन्हात धरलं, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर निळी झाक दिसली. 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्सने कारण शोधलं. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश क्विनीन शोषून घेतं आणि दिसणारा निळा प्रकाश परत देतं. अमेरिकेत टॉनिकच्या एका लिटरमध्ये 83 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन चालत नाही, पण या खेळाला तेवढं खूप झालं. दिवाणखान्यातले दिवे मालवावेत, कोपऱ्यात एक ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, लावावा, आणि साधा जिन-टॉनिक पाहुण्याच्या हाती द्यावा. ग्लास आतून निळा पेटलेला दिसतो.

मग त्यात मीठ टाकून पाहावं. उजेड मंदावत जातो. मिठातलं क्लोराइड क्विनीनच्या रेणूने शोषलेली ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतं. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणाऱ्या घरात लहानाचा मोठा झालेला पाहुणा हे बघून नक्की चमकेल. अर्थात मीठ टाकलेला तो ग्लास पिण्याचा नाही, दाखवण्याचा.

दुसरा चमत्कार कोकणात आणि देशावर कुंपणावर फुलतो. गोकर्णाची निळी फुलं थायलंडमध्ये गरम पाण्यात भिजवून लिंबू-मधाबरोबर पितात. वाळलेली आठ-दहा फुलं पेलाभर जिनमध्ये टाकून ठेवली की दोन-तीन तासांत ती शाईसारखी गडद निळी होते. या रंगातलं अँथोसायनिन आम्लाला भेटलं की रूप पालटतं. लिंबू पिळलं की निळ्याची जांभळी, आणि आणखी पिळलं की गुलाबी. टॉनिकमध्येही सायट्रिक आम्ल असतंच. म्हणून पाहुण्यापुढे निळी जिन आणि बर्फ एवढंच ठेवावं, टॉनिकची बाटली त्याच्याच हातात द्यावी आणि त्यालाच ओतू द्यावं. रंग बदलतो तो क्षण त्याचा असू द्यावा. एवढं केलं तर वेगळी सजावट लागत नाही.

झॉम्बी नावाच्या कॉकटेलची गोष्ट निराळी, त्याचं भय खरं आहे. हॉलिवूडमध्ये 1934 च्या सुमारास डॉन बीचने ते रचलं. तीन तऱ्हेच्या रम, लिंबू, फॅलर्नम, डाळिंबाचा पाक, अँगोस्टुरा आणि पुन्हा बडीशेपेच्या वासाच्या पेर्नोचे सहा थेंब. त्याच्या बारमध्ये एका गिऱ्हाइकाला दोनच मिळायचे. हिशेब केला की कारण कळतं. 45 मिलिलिटरच्या दोन रम आणि वर 75 टक्के मद्यार्काची 30 मिलिलिटर रम, म्हणजे एका ग्लासात जवळजवळ पाच छोटे पेग! डॉन स्वतःच्या नोकरांपासूनही कृती लपवायचा. बाटल्यांवर नाव नाही, खुणेचे आकडे. जेफ बेरी नावाच्या अभ्यासकाने डॉनकडच्या एका जुन्या वेटरची वही मिळवली, तरी तिच्यातल्या एका मिश्रणाचा अर्थ त्याला कितीतरी वर्षं लागेना. अखेर उलगडलं ते असं: ग्रेपफ्रूटचा रस दोन भाग, दालचिनीचा पाक एक भाग. 2007 मध्ये बेरीने ती कृती छापली. आंबट-गोडाच्या आडून रमची धार कळतच नाही, आणि म्हणूनच घरच्या पार्टीत हे पेय चौघांत वाटून द्यावं. निदान रम निम्मी करावी.

यजमानाने जिला खरोखर घाबरावं अशी वस्तू म्हणजे कोरडा बर्फ. तो कार्बन डायऑक्साइडचा गोठलेला तुकडा, उणे 78.5 अंशांचा. त्याच्या गारव्याने हवेतली वाफ निवून तिचं पांढरं धुकं होतं, आणि जड वायूबरोबर ते टेबलावरून खाली सांडतं. दिसतं फार सुंदर. पण त्याचा खडा पोटात गेला तर आतडी भाजतात. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखवास समजून हा बर्फ खाल्लेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. 2020 मध्ये मॉस्कोत पोहण्याच्या तलावात कोरडा बर्फ ओतला आणि बंद जागेत गुदमरून तीन माणसं गेली. इंग्लंडमध्ये 2012 साली तर द्रव नायट्रोजन घातलेलं कॉकटेल पिऊन एका अठरा वर्षांच्या मुलीचं पोट काढावं लागलं. त्यामुळे कोरडा बर्फ पिण्याच्या ग्लासात कधीच नको. मोठ्या परातीत थोडं कोमट पाणी, त्यात चिमट्याने ठेवलेला बर्फाचा तुकडा, मधोमध पंचचं भांडं आणि खिडक्या उघड्या. धुकं भांड्याभोवती लोळेल, पेयाला शिवणारही नाही.

काळ्या रंगासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल वापरण्याची फॅशनही टाळावी. विषबाधा झालेल्याला रुग्णालयात तो देतात तो पोटातलं औषध शोषून घ्यावं म्हणूनच. पाहुण्याने सकाळी घेतलेली गोळीही तो शोषू शकतो. न्यूयॉर्क शहराने 2018 मध्ये खाण्यापिण्यात तो बंद केला.

आणि जे पीत नाहीत, ज्यांना गाडी चालवायची आहे, जी मुलं सफेद चादरी पांघरून घरभर पळताहेत, त्यांच्या वाट्याला कोल्ड्रिंकचा कागदी कप येऊ नये. त्यांच्या ग्लासात सर्वांत चांगलं रक्त घालता येतं, कारण ते कोकणात रातांब्याच्या झाडावर पिकतं. अमृत कोकम थोडं आटवून एकतारी पाकासारखं करावं. ग्लासात बर्फ आणि सोडा भरून वरून ते हळूच सोडावं. जड असल्याने लाल ओघळ बर्फाच्या खडकांमधून वाट काढत तळाशी जातात. डब्यातल्या बिया काढलेल्या लिच्या घ्याव्यात, प्रत्येकीच्या पोकळीत एक काळं द्राक्ष बसवावं आणि काडीला टोचून ग्लासावर ठेवावं. हे डोळे दुपारीच करून फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि माणशी दोन धरायचे. मुलं पहिला लगेच खातात आणि दुसरा मागायला येतात.