तिसरे चाक आणि अतिशयोक्ती

मोटारसायकल म्हणावे तर चाके तीन, आणि मोटार म्हणावे तर दार नाही, छप्पर नाही, हातात गोल स्टिअरिंगही नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील डायर्सबर्ग या गावी मॉन्टी वॉर्न यांनी १९९० साली 'बॉस हॉस' नावाची कंपनी काढली आणि शेव्हरोले मोटारीचे आठ सिलिंडरांचे इंजिन मोटारसायकलीच्या सांगाड्यात बसवून विकायला सुरुवात केली. आधी दुचाकी आली, पुढे तिचीच तीनचाकी आवृत्ती निघाली. 'हॉस' हा 'हॉर्स' या शब्दाचा तिकडचा गावरान उच्चार. ५.७ लिटरचे ते इंजिन म्हणजे आपल्याकडच्या शंभर सीसीच्या सत्तावन्न मोटारसायकली एका जागी कोंबल्यासारखे. नुसती दुचाकीच अर्ध्या टनाच्या घरात जाते. मागे ढकलणे माणसाच्या पायांना झेपणारे नाही, म्हणून तिला रिव्हर्स गिअर द्यावा लागला! 'फटफटी' हा आपला नादानुकारी शब्द इथे अगदीच तोकडा पडतो.

हा निव्वळ अमेरिकी आचरटपणा आहे, असे म्हणून मोकळे होता येईल. पण इतिहास तसे होऊ देत नाही. कार्ल बेन्झने १८८६ साली ज्या गाडीचे पेटंट घेतले, तिला तीनच चाके होती. पुढची दोन चाके एकत्र वळवण्याची समाधानकारक युक्ती त्याला तेव्हा सापडली नव्हती, म्हणून एकच चाक. ९५४ सीसीचे ते इंजिन एक अश्वशक्तीही देत नव्हते. म्हणजे मोटारीच्या कुळाचा आरंभ गरजेपोटी आलेल्या तीन चाकांवर झाला. अतिरेकाचे घराणेही जुनेच. ग्लेन कर्टिसने हवाई जहाजासाठी घडवलेले आठ सिलिंडरांचे इंजिन १९०७ साली दुचाकीवर चढवले आणि फ्लोरिडातील ऑर्मंडच्या वाळूवर ताशी सुमारे २१९ किलोमीटरचा वेग गाठला. पुढे हौशी कारागिरांनी फोक्सवॅगन बीटलचा मागचा अर्धा भाग इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसकट तसाच ठेवून पुढे मोटारसायकलीचा लांब चिमटा जोडला. बीटलचे इंजिन मागेच असल्यामुळे हे कलम सहज जुळले. मोठ्याचे हृदय लहानाच्या छातीत बसवण्याची ही ओढ शंभर वर्षांहून जुनी आहे.

मात्र तिसऱ्या चाकाची किंमत मोजावी लागते. दुचाकी वळणावर आत झुकते आणि स्वारही तिच्याबरोबर झुकतो. दुचाकीचे सगळे काव्य त्या झुकण्यात आहे. साधी तीनचाकी झुकत नाही. ती हँडलने वळवावी लागते आणि अंग बाहेर फेकले जाते. पण 'बॉस हॉस'च्या दुचाकीत इंजिनाचा दांडा लांबीच्या दिशेने बसवलेला असतो, त्यामुळे जागच्या जागी मूठ पिळली तरी सारे धूड एका बाजूला कलू पाहते. मागे दोन चाके आली की ते निमूट उभे राहते.

आम्ही साहित्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे काही पाहिले की क्षेमेंद्र आठवणे अपरिहार्य. गळ्यात मेखला, कमरेला हार, हातांत नूपुर आणि पायांत केयूर घालणाऱ्याला कोण हसणार नाही, असा दाखला देऊन अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने औचित्याची बाजू मांडली. मोटारीचे इंजिन गुडघ्यांमध्ये धरून बसलेला स्वार त्याच्या उदाहरणांत चपखल बसेल. पण त्याच्या कित्येक शतके आधी भामहाने अतिशयोक्तीलाच वक्रोक्तीचे रूप मानले आणि तिच्याविना कोणता अलंकार उभा राहतो, असे विचारले. वर्गात आम्ही हे दोन पक्ष मांडतो, मुले वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो.

आमचे थोरले बंधू या वादात अकस्मात शिरले. दादांनी एकतीस वर्षे बुलेट चालवली. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाणे हा त्यांचा पावसाळ्यातला नेम. कानाच्या आतल्या विकाराने तोल जाऊ लागला आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. घरच्यांनी मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर सुचवली. दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मग एकदा पुतण्याने फोनवर या तीनचाकीचे चित्र दाखवले. दादांनी ते बराच वेळ पाहिले.

"हिला तोल सांभाळावा लागत नाही ना रे?"

"नाही, दादा. तीन चाकांवर उभीच असते."

"आणि हिच्यावर बसलेल्याची कुणी कीव करत नाही," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

या एका वाक्याने आमच्या टिपणवहीतला अलंकारविचार हलला. यंत्र म्हणून पाहिले तर दोन्हीकडची जादा चाके एकच काम करतात. स्कूटरची चाके उणिवेची जाहीर नोंद करतात, इथले चाक मात्र वैभवाचा भाग होऊन बसते. अतिशयोक्ती केवळ वस्तू फुगवते असे नाही. एखादे उणेपण लोकांच्या नजरेतून सोडवण्याचे सामर्थ्यही तिच्यात असते. विरहिणीच्या हातातले कंकण निसटते तेव्हा कवी तरी दुसरे काय करतो? हार्ले-डेव्हिडसननेही २००९ साली स्वतःची मोठी तीनचाकी बाजारात आणली, आणि ज्यांचे गुडघे थकले पण रस्ता सुटला नाही, अशांना अशा गाड्यांचा आधार वाटतो.

या गाडीच्या पेट्रोलचे, आवाजाचे आणि किमतीचे समर्थन आम्ही करणार नाही. ते करता येण्यासारखे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की औचित्य आकारावरून मापता येत नाही. क्षेमेंद्राच्या दाखल्यातही दागिने खोटे नव्हते, जागा चुकली होती. आणि जागा बरोबर की चूक, हे ते अंगावर वागवणाऱ्याला विचारल्याविना ठरवता येईल का? दादांची बुलेट विकली गेली आहे. स्कूटर दारात येऊन दोन महिने झाले. तिच्यावरचे प्लास्टिक अजून काढलेले नाही.