दरबार दिल्लीत, बादशहा दख्खनेत

ड्रेस्डेनच्या राजवाड्यात, ‘ग्रीन व्हॉल्ट’ या रत्नसंग्रहात, काचेआड औरंगजेबाचा वाढदिवस चालला आहे. सारा दरबार जेमतेम दीड मीटर रुंदीचा. रुपेरी पायऱ्यांवरून नजर वर चढते, तिथे छत्राखाली इवलासा बादशहा. खाली सव्वाशेहून अधिक माणसं आणि जनावरं: नजराणे आणणारे सरदार, हत्ती, उंट, घोडे, पालख्या. सोन्याच्या अंगावर रंगीत मीनाकाम, त्यावर हिरे. वाकून पाहिलं, तर एकेका अंगरख्याची चुणी वेगळी दिसते. काचेपासून माझा पाय निघेना.

योहान मेल्खियोर डिंगलिंगर या सोनाराने दोन भावांच्या साथीने 1701 ते 1708 या काळात हे घडवलं. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. टॅव्हर्निये, बर्निये यांच्या प्रवासवर्णनांवर त्याने दिल्ली उभी केली. त्यामुळे मुघल दरबारात चिनी आकृत्याही येऊन बसल्या. मला ती चूक वाटत नाही. न पाहिलेल्या देशाचं एवढं वेड घेणाऱ्या माणसाबद्दल मायाच वाटते. सॅक्सनीच्या बलाढ्य ऑगस्टने 1709 मध्ये हा दरबार 58,485 थेलरना विकत घेतला.

पण मराठी माणसाला इथे गडांची आठवण येणारच. डिंगलिंगर दिल्लीचा दरबार मांडत होता, तेव्हा बादशहा दिल्लीत नव्हताच. उतारवयात तो सह्याद्रीत गडांमागून गड घेत फिरत होता. 1703 मध्ये सिंहगड, 1704 मध्ये राजगड आणि तोरणा. ताराबाईंच्या फौजा घेतलेले गड पुन्हा परत घेत होत्या. 1707 मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला आणि खुलदाबादला उघड्या आकाशाखाली साधी कबर झाली. काम पुरं व्हायच्या आधीच, ज्याचा वाढदिवस, तो गेला होता.

पुढे या वस्तूलाही मुक्काम बदलत राहावे लागले. दुसऱ्या महायुद्धात संग्रह क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात हलवला, म्हणून वाचला. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला. मग सोव्हिएत सैन्याने हा संग्रह आपल्या देशात नेला. 1958 मध्ये परत आला, तेव्हा ठेवायला घर उरलं नव्हतं. अल्बर्टिनममध्ये पाहुण्यासारखी दशकं काढल्यावर 2004 मध्ये तो राजवाड्यात पुन्हा मांडला गेला.

गर्दीतली माणसं हिऱ्यांचा हिशेब करत होती. हिरे पाच हजारांच्या आसपास आहेत, हे खरंच. मला मात्र शेजारच्या माणसाला थांबवून तोरण्याच्या वेढ्याबद्दल सांगावंसं वाटत होतं. या दरबाराचा खर्च तिथे, डोंगरात, चालला होता.