दारुड्याचा दुसरा प्रवेश

झाडीपट्टीसाठी नाटक लिहायला बसलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : पहिल्या अंकात हसव, शेवटच्या अंकात रडव, मधे लावणी टाक. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांचा बराचसा धंदा याच हिशेबावर चालतो. भाऊबीज झाली, धान कापणीला आलं, की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या या झाडीपट्टीतल्या गावांत मंडईच्या, शंकरपटाच्या (बैलशर्यतींच्या) निमित्ताने मांडव पडू लागतात आणि होळीपर्यंत रात्रीची नाटकं पहाटेपर्यंत रंगतात. अख्खी रात्र बसणाऱ्या माणसाला नुसतं हसू पुरत नाही आणि नुसतं रडू सोसत नाही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती हसू आणि रडू वेगवेगळ्या डब्यांत भरण्याबद्दल. भावनेचा प्रवेश विनोदी नाटकाची लज्जत वाढवतो, असं माझं ठाम मत आहे. मात्र ज्या गोष्टीवर प्रेक्षक आधी हसला, त्याच गोष्टीने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं पाहिजे. नाहीतर तो प्रवेश निव्वळ भरताड ठरतो.

आपल्या रंगभूमीवरचा सगळ्यात घासलेला विनोदी माणूस घ्या, दारुड्या. तो झोकांड्या खात येतो, बिडी उलट्या टोकाने पेटवतो, मांडवाच्या खांबाला पाटील समजून वाकून रामराम घालतो आणि पाटील बोलत का नाहीत म्हणून रुसतो. प्रॉम्प्टरने पुढचं वाक्य पुरवायच्या आत मांडव हसून लोळतो. आता समोर कोण बसलंय ते पाहा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीच्या मागणीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच बाया मांडवात बसून या झोकांड्यांना मनापासून हसतात, कारण त्या झोकांड्या त्यांनी घरात पाहिलेल्या असतात. हसण्याच्या तळाशी इतकी ओळख असताना लेखक काय करतो? दारुड्याला पहिल्या अंकातच निरोप देतो आणि तिसऱ्या अंकात भलत्याच घरातला हुंडाबळी आणून रडवायला बसतो. दोन तास जमवलेली ओळख वाया जाते. त्याऐवजी तोच दारुड्या तिसऱ्या अंकात, पोरीला पाहायला पाहुणे आलेले असताना अंगणात आला, तीच उलटी बिडी, खांबाला तोच रामराम, तर एकही नवं वाक्य लिहावं लागत नाही. पहिल्या रांगेतलं हसू अर्ध्यावर थांबतं, आणि मागे सतरंजीवर बसलेल्यांना ते थांबलेलं कळतं.

ही युक्ती मराठीला नवी नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं. त्यातला तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना हसवलं. पण नाटकाच्या नायकाला, सुधाकराला, पहिला पेला मिळतो तो या तळीरामाकडूनच. त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या संसाराची राख ज्या प्याल्यातून होते, त्याच प्याल्यावर आपण मघाशी हसलेलो असतो. तळीरामाला वेगळा काढून त्याचा छोटा फार्स केला तर हसू येईल, पण त्या हसण्यावर आज शंभर वर्षांनी कुणी बोलत बसणार नाही.

आता गावातली पोरं मोबाईलवर जी विनोदी कार्टून पाहतात तिथेही हाच कायदा लागू आहे. ‘डोरेमॉन’मध्ये भित्रा नोबिता दांडगट जियानकडून मार खातो, हा रोजचा विनोद. ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या २०१४ च्या चित्रपटात नोबिताच्या सोबतीला आलेल्या डोरेमॉनची परत जायची वेळ येते, तेव्हा तो निर्धास्त जावा म्हणून नोबिता एकटाच जियानशी भिडतो आणि मार खाऊनही हटत नाही. मार तोच, मारणाराही तोच. ‘फ्युचरामा’ या अमेरिकन मालिकेत फ्राय नावाचा पिझ्झा पोचवणारा पोरगा १९९९ च्या शेवटच्या रात्री चुकून गोठवला जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. पहिल्याच भागातला हा विनोद. २००२ च्या एका भागात कळतं की त्याचा कुत्रा दुकानाबाहेर वर्षानुवर्षं त्याची वाट बघत राहिला. एका विनोदाची उधारी तिथे चुकती होते. असा भाग पाहून पुन्हा पहिल्या भागाकडे गेलं तर हसू तेवढंच येतं, फक्त ते जरा खोल जातं.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा. साहित्यदर्पणकार विश्वनाथ हास्याला करुणाचा विरोधी मानतो. मात्र विरोधी रसांच्या मधे तिसरा रस घालून तो विरोध शमवता येतो, असंही रसशास्त्रच सांगतं. आपली मधली गाणी तेच काम करतात, निदान करू शकतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवसभर धानाच्या बांधीत राबून आलेल्या माणसाने तिकीट हसण्यासाठी काढलं, त्याला का रडवायचं? हा प्रश्न मी हलका मानत नाही. निखळ हसू ही गरज आहे आणि ते पुरवणं हे मोठं काम आहे. गडचिरोलीचे परशुराम खुणे विनोदी भूमिकांसाठी घराघरांत ओळखले जातात आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती या कामाचीही दखल आहे. पण असा नट मंचावर पाय ठेवताच मांडव खुलतो, तो काही केवळ त्या रात्रीच्या कोटीमुळे नव्हे. कित्येक हंगामांची माया त्यामागे असते. कार्टून मालिकेला शेकडो भागांतून जे मिळतं ते इथे नटाने हंगामामागून हंगाम कमावलेलं असतं. ही जमा हाताशी असताना तिच्यावर नुसत्या कोट्याच फेकत राहणं मला उधळपट्टी वाटते. तिसरा आक्षेप रडारडीचा, आणि तो खराच आहे. ऑर्गनवर एक लांब सूर धरला, आईला खोकला लावला, की रुमाल निघतात. म्हणूनच मी मूळ मुद्द्याला चिकटून राहतो : जे रडू आधीच्या हसण्यातून आलेलं नाही, ते संहितेतून काढून टाकावं, मग मांडव कितीही हुंदके देवो.

अडचण खरी आहे ती तालमीची. हंगामाआधी तालमींना थोडेच दिवस मिळतात, आणि विनोदी जोडी आपले प्रवेश ऐनवेळी रंगवते, गावच्या सरपंचाचं नाव घेते, प्रवेश दुप्पट लांबवते. ते स्वातंत्र्य नटांकडेच राहू द्यावं. लेखकाने फक्त एक गोष्ट, खांबाचा रामराम म्हणा किंवा उलटी बिडी, दोन्ही अंकांत पक्की लिहून ठेवावी आणि नटाला पहिल्याच तालमीला सांगावं की बाकी वाट्टेल ते बदल, पण एवढं बदलू नको.