सोलरची वही

संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या गच्चीवर सोलर आहे ना? खरंच पैसे वाचतात का हो?" हातात वाण घेऊन उभ्या उभ्या देता येईल असं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

इंदूरला लोकमान्य नगरात आमचं सहा माणसांचं घर. मी बँकेतून निवृत्त झाले, पण हिशोबाची वही काही सुटली नाही. वर्षाची सगळी बिलं बेरजेला घेतली तर ३१,००० रुपये भरत होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर' योजना जाहीर झाली आणि ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळणार हे कळलं, तेव्हा ह्यांनी विषय काढला. खर्च १,८०,०००. अनुदान नंतर खात्यात जमा होणार, आधी सगळे पैसे आपणच भरायचे.

एवढे पैसे एकाच ठिकाणी होते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीत. मुलगा म्हणाला, "आई, ती एफडी मोडू नकोस. बिल काय, भरतोच आहोत." दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी मीच मोडली. सही करताना हात जड झाला होता, हे खोटं कशाला सांगू?

ऑगस्टात पॅनेल बसले. व्यवस्था सोपी आहे. दिवसा तयार झालेली वीज घर वापरतं, उरलेली बाहेर लाईनवर जाते. रात्री आपण तिकडून घेतो. मीटर दोन्ही मोजतो आणि महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. १ किलोवॉटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे आमचे १२ व्हायला हवे होते. पावसाळ्यात ७-८ च होत होते, ते समजण्यासारखं होतं. पण डिसेंबरात, लख्ख उन्हातही आकडा ८ वरच! ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला, तर "थंडीत कमीच होतं, काकू" एवढंच उत्तर. मागच्या गल्लीत तेवढ्याच पॅनेलवर ११ होत होते.

एके दिवशी दुपारी तीन वाजता कठडा धरत धरत मी गच्चीवर गेले. पाहते तर पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एक-दोनवर सावली आली, तरी साऱ्या ओळीला फटका बसू शकतो. जागेची पाहणी झाली पावसाळ्यात, तेव्हा सूर्य डोक्यावर. थंडीत तो दक्षिणेला झुकतो, सावली लांबते, हे कुणी पाहिलंच नव्हतं. टाकी हलवायला ६,००० रुपये लागले. त्यानंतर आकडा ११ वर गेला.

दुसरा धडा दिव्यांचा. एकदा भर दुपारी वीज गेली आणि आमचंही घर बंद! सूनबाई म्हणाली, "मग हे छतावर कशाला मांडलंय?" लाईन बंद असताना आपली वीज बाहेर गेली, तर खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल, म्हणून ही यंत्रणा आपोआप थांबते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

तिसरा धडा आमचाच. उन्हाळ्यात एसी जरा बंद करा म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "सोलर आहे ना, राहू दे." मे महिन्याचं बिल पाहिल्यावर आवाज बसला.

आता वर्षाचा हिशोब. बिलं ३१,००० वरून ९,००० वर आली. शून्य नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. वाचले २२,०००. अनुदान वजा करून आणि टाकीचा खर्च धरून आमचे लागले १,०८,०००. विक्रेत्याच्या हिशोबाने पाच वर्षांत पैसे फिटतात. पण ही रक्कम ठेवीत असती तर सात टक्क्यांनी वर्षाला साडेसात हजार व्याज आलं असतं, ते कोण धरणार? ते वजा केलं तर वाचतात साडेचौदा हजार, आणि पैसे फिटायला लागतात साडेसात वर्षं. मध्ये कधीतरी इन्व्हर्टर बदलावा लागेल. पॅनेलची हमी २५ वर्षांची आहे, त्यामुळे सौदा तरीही फायद्याचाच. फक्त सांगतात तेवढा झटपट नाही.

सगळ्यांना मात्र तो फायद्याचा नाही. शेजारच्या आजी एकट्या राहतात. आपल्या मध्य प्रदेशात १५० युनिटपर्यंत वापर असेल तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, "आजी, तुम्ही या फंदात पडू नका." उलट माझ्या दिरांची पिठाची गिरणी. धंद्याला घरगुती अनुदान मिळत नाही, पण गिरणी चालते दिवसाच आणि विजेचा दरही जास्त, त्यामुळे छतावरची वीज तिथल्या तिथे खपते. त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा बरा बसला.

आपल्या शहरानंही हाच विचार केला. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला चढवायला अफाट वीज लागते. त्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे विक्रीला काढले. जिथे बिल मोठं, तिथे उन्हाचा उपयोग मोठा.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला माझं एकच सांगणं. आधी बारा महिन्यांची बिलं काढा, मग थंडीत दुपारी गच्चीवर जाऊन सावली बघा, आणि शेवटी विक्रेत्याला बोलवा.

अनुदानाचे ७८,००० आले, ते मी परत ठेवीत टाकले. वाचलेले पैसे घरात ठेवले तर कुठे जातात ते कळतही नाही. म्हणून मुलानंच, न सांगता, माझ्या नावे महिन्याला १,८०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलंय. पासबुकावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'आईचा गुडघा'.