टप निर्दोष आहे!

मंडळी, 'कन्व्हर्टिबल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह, गॉगल आणि वाऱ्यावर उडणारे केस येत असतील. आमच्या धाराशिवात (पूर्वीचं उस्मानाबाद, नाव बदललं तरी गाड्यांवरचं एमएच-२५ तेच) कन्व्हर्टिबल म्हणजे कापडी टपाची गाडी. अण्णांकडे अशी एक आहे. सेकंडहँड, दोन दारांची. जन्मभर काटकसर केलेल्या माणसाची ही एकुलती एक चैन!

तर झालं असं, की मोठा पाऊस पडला की डाव्या सीटपुढे तळं साचायचं. आईने त्या गाडीतून तुळजापूरला जाणं बंद केलं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुराने लोकांची शेतं खरवडून नेली, त्यापुढे आमचं तळं म्हणजे काहीच नाही. पण पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं पूर्ण होतायत. आरटीओत पुन्हा नोंदणी करायची तर तपासणी आलीच, आणि तोवर तळाचा पत्रा गंजून सडला तर गाडी सरळ भंगारात. गॅरेजवाला म्हणाला, "कापडाचा टप है, गळणारच. सिलिकॉन मारून देतो, नाहीतर विकून टाका." सिलिकॉन मारलं. तळं तसंच. अण्णा काही बोलले नाहीत, पण गाडीवर ताडपत्री चढली ती उतरेचना.

आता आमचं पोटच बग शोधण्यावर चालतं. कधी दिसतो, कधी दिसत नाही, असला बग सगळ्यात वाईट. रिमझिम पावसात गाडी ठणठणीत कोरडी, धो धो पडला की ओली. एका वीकेंडला पुण्याहून आलो आणि ठरवलं, टपाला आरोपी करण्याआधी पुरावा पाहिजे.

पहिला प्रश्न, हे पाणी पावसाचंच कशावरून? हीटरमधून गळणारं कूलंट रंगीत, बुळबुळीत असतं, गोडसर वास येतो. हे साधं पाणी होतं. मग सीट काढली, कार्पेट उचललं. खालचा फोम भिजलेल्या स्पंजसारखा! वरून कार्पेट वाळलं तरी खाली पत्रा महिनोन् महिने ओला, गंज चढतो तो असा. सगळं पुसून कोरडं केलं आणि वर्तमानपत्र अंथरलं. कागदावर पहिला थेंब कुठे पडला ते लगेच कळतं.

आता पाणी ओतायचं. पाइप लावायला निघालो तर अण्णा कडाडले, "नळाला पाणी चार दिवसांनी येतंय अन् तू गाडीला अभिषेक घालतोस व्हय रं?" तडजोड झाली : कपडे खळबळलेलं पाणी आणि बागेतली झारी. नियम एकच, खालून वर जायचं आणि एका वेळी एकच जागा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. अण्णा बाहेर झारी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन उताणा. दाराची खालची कड, कोरडी. दार, कोरडं. काचेचं रबर, कोरडं. टप... चक्क कोरडा!

राहिली काचेखालची, वायपरजवळची जाळी. पहिली झारी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी अर्धी झाली आणि डॅशबोर्डच्या मागून धार लागली!

जाळी उघडली तर आत अंगणातल्या कडुलिंबाचा पाला आणि मातीचा काला. त्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडून दोन्ही टोकांच्या भोकांतून बाहेर जातं. भोकं तुंबली की पन्हळ हौदासारखी भरते, आणि पाणी ब्लोअर हवा ओढतो त्या तोंडापर्यंत चढलं की थेट आत! रिमझिम पावसात ते हळूहळू झिरपून जायचं, म्हणून गाडी कोरडी. बग असा सापडला, की आधीची सगळी लक्षणं आपोआप जुळतात.

गंमत म्हणजे माझदा एमएक्स-५ सारख्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारचंही दुखणं हेच. टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली सोडलेलं असतं. नळ्या तुंबल्या की गाडीत पाणी. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट देणं महत्त्वाचं. आमच्या जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातच करून ठेवलंय. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, बाहेर धबधबा कोसळतोय आणि आत बसलेला माणूस कोरडा! गॅरेजवाल्याचं सिलिकॉन चुकून त्या भोकांत गेलं असतं तर...? असो.

सायकलच्या ब्रेकची जुनी तार घालून भोकं मोकळी केली. पत्रा तारेच्या ब्रशने घासला, प्रायमर मारला. वरवरचाच गंज होता, भोक कुठेच नाही. फोम तीन दिवस गच्चीवर वाळवला. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, वर्तमानपत्र कोरडं.

तुमची गाडी झाडाखाली उभी असते का? मग पावसाळ्याआधी ती जाळी एकदा उघडून बघाच. अण्णांनी ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकलीय. आई गाडीत बसते, पण अजून पाय वर घेऊनच!