वैदूकडे जाऊन आलात? मग तसं सांगा

पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातून येणाऱ्या रुग्णांना मी एक प्रश्न न चुकता विचारतो : "आधी कोणाचं औषध घेतलं?" बरेच जण खाली बघतात. डॉक्टर रागावतील, ही भीती. मी रागावत नाही. गावातला वैदू हाकेच्या अंतरावर असतो, रात्रीसुद्धा उठतो, आपल्या बोलीत बोलतो. दवाखाना दूर असतो.

झाडपाल्यात गुण नाही, असंही नाही. खोकल्याच्या अनेक सिरपमधलं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीन या घटकावरून तयार झालं. फॅल्सिपेरम मलेरियाच्या गोळ्यांमधला आर्टेमिसिनिन हा घटक चीनच्या पारंपरिक वनौषधीतून आला; त्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. फक्त या औषधांची आधी तपासणी झाली, मात्रा ठरली.

मग मंत्राने विष उतरलं, माळेने कावीळ उतरली, असं लोक सांगतात ते खोटं का? त्यांनी पाहिलेलं खरंच असतं. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. हिपॅटायटिस 'ए'ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र मंत्राला आणि माळेला जातं.

मण्यार चावली तर हाच विश्वास जिवावर बेततो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही. काही तासांत पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास बंद पडतो. त्यावर सर्पविषावरचं इंजेक्शन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर, हाच उपाय. उताऱ्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे वैदू साप चावलेला माणूस आला की आधी १०८ ला फोन करायला लावतात आणि गाडी येईपर्यंत त्याला हलू न देता धीर देतात. त्यांच्या शब्दाला गावात मान आहे, म्हणून नातेवाईकही लगेच ऐकतात. असा वैदू आरोग्यसेवेचाच माणूस आहे.

तुम्हीही एवढं करा. घेतलेली पुडी, काढा सोबत आणा. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं ठरतं. कावीळ झालेली बाई गरोदर असेल किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.